सात वाजले म्हणजे एक वाजला

मोशी, टांझानिया
16 जानेवारी

ती. आई, बाबा आणि आजी,
सा. न. वि. वि.

तिळगूळ घ्या, गोड बोला. यंदाची संक्रांत पहिल्यांदाच लालबागबाहेर झाली. इथे तीळ मिळाले, गूळ काही मला सापडला नाही. मग साखरेच्या पाकातच वड्या थापल्या आणि ज्या शाळेच्या दुरुस्तीचं काम आम्ही करतो आहोत, तिथल्या वर्गातल्या मुलींना वाटल्या.

मी ठणठणीत आहे. आई, मच्छरदाणी रोज लावते, मलेरियाची गोळी चुकवत नाही. फोनवर डोकं दुखतंय म्हटलं ते रंगाच्या वासाने, ताप वगैरे काही नव्हता. जेवणाची काळजी तर अजिबात नको. इथे ‘मचिचा’ नावाची पालेभाजी मिळते, ती म्हणजे आपला माठ. चहाला चाय म्हणतात आणि चपातीला चपातीच.

आजी, तुला इथल्या घड्याळाची गोष्ट सांगायचीच आहे. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी ‘सा म्बिली’ला या म्हणून सांगितलं. म्बिली म्हणजे दोन, म्हणून मी दुपारी दोनला गेले. ते बिचारे सकाळी आठपासून वाट बघत होते. स्वाहिलीत तास मोजतात ते सूर्य उगवल्यापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन, आणि भर दुपारचे बारा म्हणजे सहा. अंधार पडला की पुन्हा एकपासून सुरुवात, म्हणजे मध्यरात्रीही सहाच. मनगटावरची घड्याळं मात्र आपल्यासारखीच असतात. काटा सातावर असला की समोरचा आकडा वाचायचा, एक. विषुववृत्त इथून जवळ, त्यामुळे उन्हाळा-हिवाळा सूर्य जवळपास त्याच वेळी उगवतो आणि हा हिशेब वर्षभर जुळतो. इंग्रजीत बोलताना हीच माणसं आठला आठच म्हणतात, म्हणून मी आता प्रत्येक वेळ दोनदा विचारून घेते. तुझ्या पंचांगातला दिवसही सूर्योदयालाच सुरू होतो ना? तू इथे असतीस तर तुला हे माझ्याआधी कळलं असतं.

बाबा, काकांनी विचारलेलं मनाला लागलं. आपल्याकडे म्युनिसिपालटीच्या शाळा काय कमी आहेत, तिकडे कशाला जायचं? मी स्वतः म्युनिसिपालटीच्याच शाळेत शिकले, त्या भिंती मी विसरलेले नाही. आणि इथे आम्ही हौस म्हणून भिंती रंगवत नाही. गिलावा इथला फुंडी, म्हणजे गवंडी, आमच्यापेक्षा कितीतरी सफाईने करतो. म्हणून वर्गणीतून त्याची मजुरी देतो आणि त्याच्या हाताखाली काम करतो. माझ्याकडे छताचं पाणी आहे. पत्र्याचं छप्पर 20 मीटर लांब, 6 मीटर रुंद. 10 मिलीमीटर पाऊस पडला तर त्यावर 1,200 लिटर पाणी येतं, आणि आज ते सगळं मैदानात वाहून जातं. मुली घरून डबे भरून पाणी आणतात. पन्हाळीला उतार बरोबर हवा, नाहीतर पाणी मध्येच साचतं. तो आम्ही पारदर्शक नळीत पाणी भरून काढला, तुम्ही गिरगावातल्या कामावर दाखवला होतात तसाच. पहिल्या सरीचं पाणी छपरावरची धूळ घेऊन येतं, ते टाकीबाहेर सोडायचं. मोठा पाऊस मार्चमध्ये लागतो. त्याआधी हे झालंच पाहिजे, म्हणून 31 तारखेपर्यंत थांबते आहे. यात माझा हट्ट नाही.

पण हे लिहिताना आपल्या गॅलरीवरचा पत्रा डोळ्यांसमोर येतो. दोन पावसाळे झाले, त्याखाली आई बादली ठेवते आणि मी इथे दुसऱ्यांची पन्हाळ लावते आहे. जूनच्या आत तो मी स्वतः करीन. बाबा, माणूस बोलावू नका.

पतपेढीतून काढलेले 60 हजार दादाच्या लग्नासाठी ठेवलेले होते, हे मला विमानतळावर निघताना कळलं. आधी सांगितलं असतंत तर मी आले नसते, आणि म्हणूनच तुम्ही सांगितलं नाहीत. आल्या आल्या शिकवणीच्या दोन बॅचेस घेणार आहे. महिन्याला पाच हजार तरी परत करीन, नाही म्हणू नका. हॉल लहान घेतलात तो या पैशांमुळे नाही ना?

दादा, रविवारी तुझा साखरपुडा आणि मी तिथे नाही. वहिनीला सांग, ओटी भरायला नणंद नव्हती म्हणून रागावू नकोस. तिच्यासाठी इथलं कांगा कापड घेतलंय, निळं, काठावर स्वाहिली म्हण छापलेली. अर्थ आल्यावर सांगीन.

मुहूर्त अकराचा, म्हणजे इथे साडेआठ आणि शाळेतल्या मुलींच्या हिशेबाने अडीच. आई, फोन फळीवर डब्याला टेकवून ठेव, म्हणजे आजीही दिसेल. रेंजसाठी मी आठ वाजताच टेकडीवर जाऊन बसते.

तुमची,
मनू