मनूला बँड सोडायला मी सांगणार नाही

फ्रिस्को, टेक्सास
21 सप्टेंबर 2025

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "अकरावीचं वर्ष आहे, आता तरी मनूला शाळेचा बँड सोडायला सांग." तेव्हा मी हो-नाही काहीच बोलले नाही. एवढं सगळं फोनवर सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले. तुमच्या नातीला बँड सोडायला मी सांगणार नाही. का, ते आधी वाचा, मग रागवायचं तर रागवा.

पहिलं म्हणजे शाळा. एवढी मोठी इमारत, एवढं मैदान, आणि शाळा सरकारी, हे आईला अजून पटत नाही. पण आहे सरकारीच. इथे प्रत्येक शाळा-जिल्ह्याचं स्वतःचं निवडून आलेलं मंडळ असतं आणि आम्ही घरावर जो कर भरतो त्यातला मोठा हिस्सा शाळेला जातो. हद्दीत राहणारं कुठलंही मूल थेट वर्गात येऊन बसतं. फी नाही, देणगी नाही, प्रवेश परीक्षा नाही. नववी ते बारावी अशी चार वर्षं. बाबा, तुमची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. शाळा सगळ्या गावाची असली पाहिजे, हे मी तुमच्याकडूनच ऐकत मोठी झाले. म्हणून इथल्या काही ओळखीच्यांनी मुलांना खासगी शाळेत घातलं तेव्हा आम्ही दोघांनी तो विचारही केला नाही.

अभ्यासाची काळजी नको. मनूने यंदा कॅल्क्युलस आणि अमेरिकेचा इतिहास हे दोन विषय एपीचे घेतलेत, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे. त्यांची परीक्षा मे महिन्यात देशभर एकाच वेळी होते. गुण 1 ते 5, आणि 3 किंवा त्यावर मिळाले की इथली बहुतेक सरकारी विद्यापीठं त्याचं क्रेडिट देतात, म्हणजे तो विषय कॉलेजच्या अभ्यासात धरतात. शिवाय टेक्सासात 1997 चा एक कायदा आहे: शाळेतल्या पहिल्या दहा टक्क्यांत येणाऱ्या मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश. फक्त ऑस्टिनच्या विद्यापीठात एवढी गर्दी असते की तिथे ही मर्यादा 2026 च्या प्रवेशापासून पाच टक्क्यांवर आणली आहे.

खरी मेख इथेच आहे. बँडच्या तासाला एपीच्या तासाएवढं वजन नसतं. बँडमध्ये पूर्ण गुण मिळाले तरी त्याने सरासरी किंचित खाली येते आणि रँकवर फरक पडतो. त्यामुळे आपल्या भारतीय घरांतली बरीच मुलं दहावी-अकरावीत बँड सोडतात. आम्हालाही तसा सल्ला मिळाला. मनूचे बाबा आणि मी त्यावर पुष्कळ बोललो, आणि थोडा रँक गेला तर जाऊ दे, असं ठरवलं.

कारण बँड हा शाळा सुटल्यावरचा छंदवर्ग नाही. तो वेळापत्रकातला तास आहे, त्याला गुण आहेत. बारावी पास व्हायला ललित कलेचं एक क्रेडिट लागतंच, आणि मार्चिंग, म्हणजे मैदानावर कवायत करत वाजवणं, हे पीटीच्या ऐवजी धरलं जातं. शिवाय अभ्यास सोडून कोणी नुसतं वाजवत किंवा खेळत बसू शकत नाही. 1984 साली इथे "नो पास, नो प्ले" असा कायदा झाला. कुठल्याही विषयात 70 च्या खाली गेलं की सामना नाही आणि स्पर्धाही नाही. गुण सुधारेपर्यंत निदान तीन आठवडे बाहेर. सुरुवातीला तर ही शिक्षा सहा आठवड्यांची होती. फुटबॉलवेड्या टेक्सासात (इथला फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल) हे करणं सोपं नव्हतं. तेव्हाचे गव्हर्नर मार्क व्हाइट 1986 ची निवडणूक हरले, आणि त्यात फुटबॉलच्या कोचांचा राग होता असं इथे अजून सांगतात. कायदा मात्र टिकला. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

आता बँड. फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात तो मैदानावर वाजवत चालतो. ऑगस्टच्या पहिल्या तारखेच्या आधी मार्चिंगचा सराव घ्यायचा नाही असा नियम आहे, आणि ऑगस्टमध्ये इथे पारा चाळिशीला टेकतो. मुलं तापलेल्या पार्किंगच्या जागेत उभी असतात, पाण्याचा मोठा जग पायाशी. मनू एरवी फ्रेंच हॉर्न वाजवते, पण त्याचं तोंड मागे असतं, आवाज प्रेक्षकांकडे जात नाही. म्हणून मैदानावर तिच्या हातात मेलोफोन असतो, पुढे तोंड असलेलं तसंच वाद्य. दोन्ही वाद्यं शाळेची, आम्ही देखभालीचे थोडे पैसे भरतो. नाहीतर ती विकत घेणं आम्हाला जड गेलं असतं.

बाबा, हे तुम्हाला आवडेल. प्रत्येक मुलाच्या कमरेला दोरीने एक छोटी वही बांधलेली असते. तिच्या एकेका पानावर त्या मुलाने कुठल्या क्षणी कुठे उभं राहायचं ते लिहिलेलं असतं. मनूच्या वहीत मी वाचलं: "40 च्या रेषेपासून बाहेर 2 पावलं, पुढच्या हॅशच्या मागे 6 पावलं." (हॅश म्हणजे मैदानावर आखलेल्या छोट्या खुणांची ओळ.) दर पाच यार्डांत नेमकी आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं, उंच मुलाचंही आणि बुटक्याचंही. टाच आधी टेकवायची, मग चवडा, आणि कमरेच्या वर शरीर हलता कामा नये, नाहीतर सूर थरथरतो. खाली बघायचं नाही. मान वर ठेवून, पाठ केलेलं संगीत वाजवत, दोनशे मुलं तिरकी चालत एकमेकांमधून जातात आणि शेवटच्या ठोक्याला रेघ सरळ लागते. एक जण अर्धं पाऊल चुकला तरी वरच्या बाकांवरून दिसतं. मनूच्या बँडमध्ये कोणी राखीव नसतं, सगळे मैदानात.

हे शिकलेली मुलगी अभ्यासात मागे पडेल असं मला वाटत नाही. शाळेच्या वेळेबाहेर आठवड्यात आठ तासांपेक्षा जास्त सराव घ्यायचा नाही असंही बंधन आहे, त्यामुळे अभ्यासाला वेळ उरतो. गृहपाठ बसमध्ये होतो, एकमेकींना विचारत.

हे नियम करणारी संस्था युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग. ती 1910 मध्ये वादविवाद स्पर्धांची संघटना म्हणून सुरू झाली. आजही फुटबॉल, बँड आणि गणिताच्या स्पर्धा तीच घेते. त्यात "नंबर सेन्स" नावाची एक स्पर्धा आहे: दहा मिनिटांत 80 गणितं, सगळी तोंडी हिशोबाने, आणि लिहिलेलं खोडायचं नाही. पावकी-निमकी पाठ असलेल्या तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी इथे बक्षिसं लुटली असती.

खेळांचं थोडक्यात सांगते. मनूची मैत्रीण क्रॉसकंट्री पळते, सकाळी अंधारातच मैदानावर असते. कोच दिवसा इतिहास शिकवतात. मुलींच्या खेळांना शाळेत बरोबरीची जागा मिळाली ती 1972 च्या टायटल नाइन या कायद्यामुळे. आई, तू दहावीपर्यंत खो-खो खेळलीस आणि मग तुझं मैदान सुटलं ते कायमचं. इथे मुलींना पळताना पाहिलं की दर वेळी तू आठवतेस.

सगळंच चांगलं आहे असं नाही. शेजारच्या ॲलन गावाने 2012 मध्ये हायस्कूलसाठी 6 कोटी डॉलरचं, 18 हजार प्रेक्षकांचं फुटबॉल स्टेडियम बांधलं. लोकांनी मतदान करून त्या कर्जाला मंजुरी दिली होती, तरी मला तो आकडा खटकतो. ज्या राज्यात शिक्षकांच्या पगारावरून दर वर्षी वाद होतात तिथे हे शोभत नाही. आणि बँड फुकट आहे असं म्हटलं तरी बूट, हातमोजे, प्रवास यांचा खर्च पालकांवर पडतोच. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी आम्ही पालक सामन्याच्या दिवशी नाचोज आणि पाण्याच्या बाटल्या विकून पैसे उभे करतो. तुमचे जावई सामान ढकलायच्या गटात आहेत. मध्यंतराआधी मारिंबा (लाकडी पट्ट्यांचं मोठं वाद्य) आणि मोठे ढोल मैदानाच्या कडेला आणायचं काम त्यांचं.

ऑक्टोबरमध्ये विभागीय स्पर्धा आहे. तिथे 1 ते 5 दर्जा देतात, 1 म्हणजे उत्तम, आणि कितीही बँडांना 1 मिळू शकतो. कोणाला हरवून तो मिळवावा लागत नाही. पुढे गेले तर नोव्हेंबरात सॅन अँटोनियोला अलामोडोममध्ये राज्याची स्पर्धा. मनू म्हणते, यंदा पोचू.

बाबा, पुढच्या वर्षी ती बारावीत असेल, शाळेचं शेवटचं वर्ष. तुमचा व्हिसा अजून चालू आहे. दसऱ्यानंतर या, तोवर इथली हवाही बरी होते. स्टेडियमच्या बाकांना पाठ नसते, म्हणून आईसाठी टेकायचं आसन मी आत्ताच आणून ठेवलंय. गुडघ्यांचं डॉक्टर काय म्हणाले ते कळवा, आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील तर दादाला आजच सांगा.

तुमची लेक