बाबा, मामांना उत्तर मी देईन

इंदिरानगर, नाशिक

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

परवा सिन्नरला जेवताना मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्याचा विषय निघाला आणि सीएसटी स्टेशनातल्या पोलिसांबद्दल मामा म्हणाले, "दोनच पोरं होती, आणि स्टेशनभर पोलीस! पळाले सगळे." बाबा, तुमची अख्खी नोकरी नाशकात पोलीस खात्यात गेली, तरी तुम्ही मान खाली घालून जेवत राहिलात. विषय मिटावा म्हणून आई म्हणाली, "अहो, तुकाराम ओंबळे होते की, नुसत्या हातांनी धरलं कसाबला." त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मामांचं बोलणं मला लागलंच, पण ते माना डोलावणंही पटलं नाही. भरल्या ताटावर वाद नको म्हणून तेव्हा गप्प बसले. आता लिहिते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कसाब आणि इस्माईल हे दोन अतिरेकी सीएसटीच्या मेल गाड्यांच्या हॉलमध्ये शिरले, तेव्हा आपल्यावर काय चालून येतंय याची तिथल्या पोलिसांना कसलीही कल्पना नव्हती. बहुतेकांच्या हातात लाठी, कुणाकडे रिव्हॉल्व्हर, कुणाकडे थ्री नॉट थ्री. त्या रायफलीचा प्रत्येक गोळीमागे बोल्ट ओढावा लागतो आणि मॅगझिन दहाचं, हे मला तुम्हीच सांगितलंय. समोर एके-४७, तीस गोळ्यांचं मॅगझिन, शिवाय हातबॉम्ब. आणि मधे सामानाला टेकून बसलेली, गावी निघालेली माणसं. थ्री नॉट थ्रीची गोळी एकाच्या अंगातून आरपार जाऊन मागच्यालाही लागू शकते. अशा गर्दीत चाप कुणाच्या भरवशावर ओढायचा? पन्नासहून जास्त माणसं तिथे गेली. तरीही रेल्वे पोलिसांचे इन्स्पेक्टर शशांक शिंदे पुढे गेले आणि मारले गेले. रेल्वे सुरक्षा दलाच्या झिल्लू यादवांनी सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळ्या झाडल्या. काही सशस्त्र पोलीस आडोशाला राहिले, त्यांनी गोळी झाडलीच नाही, असं तिथे जीव धोक्यात घालून फोटो काढणाऱ्या सेबॅस्टियन डिसूझांनी सांगितलंय. मी ते नाकारत नाही. पण ज्याला सरावाला मोजक्याच गोळ्या मिळाल्या, हलत्या माणसावर ज्याने जन्मात नेम धरला नाही, त्याला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता गिरगाव चौपाटी बघा, जिथे ते दोघं नंतर पोचले. ओंबळेंच्या हातात तर लाठीच होती. पण तिथे निरोप आधी पोचला होता. स्कोडा गाडीतून दोघं निघालेत हे वायरलेसवर कळलं होतं, बॅरिकेड लावून पथक तयार होतं. गाडी अडली, इस्माईल पोलिसांच्या गोळीने मेला आणि कसाबच्या रायफलीची नळी ओंबळेंनी धरून ठेवली, अंगात गोळ्या घुसत असताना, सहकाऱ्यांनी त्याला पकडेपर्यंत. आई, त्यांच्यापुढे मीही हात जोडते. फक्त त्यांची गोष्ट सांगताना तो वेळेवर पोचलेला निरोप आपण गाळून टाकतो, याचं मला वाईट वाटतं. सीएसटीवरही विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक होते. त्यांच्याजवळ हत्यार म्हणाल तर एक माइक. कुठल्या बाजूने बाहेर पडायचं ते त्या माइकवरून सांगत राहिले आणि कितीतरी लोक वाचले. त्या रात्री जिथे खबर पोचली तिथे लाठीवालाही उपयोगी पडला, जिथे नाही पोचली तिथे रायफलवालाही हतबल झाला.

म्हणून हिशेब मागायचा तर वरच्यांकडे मागावा, आणि तिथे मी मामांपेक्षा कडक आहे. सीएसटीवरून ते दोघं गिरगावच्या आधी कामा हॉस्पिटलमध्ये शिरले. तिथे पोलीस अधिकारी सदानंद दाते ग्रेनेडने जखमी होऊनही झुंजत होते, वायरलेसवरून कळवत होते. कुमक वेळेत का पोचली नाही, हा प्रश्न हवालदाराला विचारून काय उपयोग? हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या धैर्याचं कौतुक केलं, पण ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, सरावाला पुरेसा दारूगोळा नव्हता, हेही दाखवून दिलं. तेव्हाच्या पोलीस आयुक्तांच्या नेतृत्वावरही बोट ठेवलं.

ताज हॉटेलमध्येही त्याच रात्री अतिरेकी शिरले होते. तिथे पोलीस अधिकारी विश्वास नांगरे पाटील मोजक्या माणसांनिशी आत शिरले. हेच पुढे २०१९ मध्ये आपल्याकडे आयुक्त म्हणून आले होते. एनएसजी, म्हणजे केंद्राचे कमांडो, येईपर्यंत दुसरी सकाळ झाली, आणि सगळं संपायला २९ तारीख उजाडली. तोवर पिस्तूलवाल्या पोलिसांनी हॉटेल मोकळं करून दाखवायला हवं होतं असं म्हणणं अन्यायाचं आहे. अतिरेक्यांना अडकवून ठेवणं, माणसं बाहेर काढणं, आतली खबर देत राहणं, एवढंच त्यांच्या हातात होतं. त्यांना त्याच मापाने जोखावं.

त्यानंतर राज्याचं फोर्स वन हे कमांडो पथक आलं, मुंबईत एनएसजीचा तळ झाला. चांगलंच झालं. पण २०२७ चा आपल्या नाशकातला कुंभमेळा डोळ्यांपुढे आणा. देव न करो, पण तिथे काही झालं तर कमांडो पोचेपर्यंतची पहिली मिनिटं रामकुंडावर उभ्या असलेल्या साध्या शिपायाचीच असणार. लाउडस्पीकरच्या कल्लोळात वॉकीटॉकीवरचं काही ऐकू यायचं नाही, माणूस पळवत निरोप धाडायचो, हे तुम्ही २००३ च्या बंदोबस्ताबद्दल सांगायचात ना? मला काळजी त्याची वाटते. कुणीतरी ओंबळे निघेल या भरवशावर बंदोबस्त लावायचा नसतो. त्या शिपायाला निरोप कसा मिळणार, गोळीबार झालाच तर त्याने गर्दी कुठे वळवायची, आडोसा कुठे घ्यायचा, हे त्याच्याकडून आधी घोटून घेतलेलं हवं.

बाबा, शेजारचा धाकटा पोलीस भरतीत निवडला गेलाय. ट्रेनिंगला जाण्याआधी तुमच्या पाया पडायला येणार आहे. त्याला ते निरोप धाडण्याचं सगळं नीट सांगा, घाईत उरकू नका. तो ऐकून घेईल.

दिवाळीला मामा येतील तेव्हा तुम्हाला बोलावंसं वाटलं तर बोला. नाहीतर मी आहेच. आई, मला अडवू नकोस, मी आवाज न चढवता बोलेन. येताना तुझ्या गुडघ्याचं औषध आणते.

तुमची,
ताई