पान 212 नंतर

नाशिक,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

गौरी जेवायच्या दिवशी तू न जेवता गेलास, हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहून झालं. पुरणपोळ्यांचा डबा ओट्यावरच राहिला होता, तो मामीकडे दिला. इथे पाऊस थांबत नाही. काल गोदेच्या पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं होतं आणि सगळं गाव गंगेवर बघायला.

एक कबूल करते. टेबलावर तू विसरलेला कादंबरीचा गठ्ठा मी वाचला. विचारायला हवं होतं. पण त्याहून वाईट हे की "आधी आराखडा कर, मग लिही" असं तुला तीनदा सुनावताना मी त्यातलं एक पानही वाचलेलं नव्हतं. तू म्हणालास, "आई, गोष्ट म्हणजे कालवा नाही." मला लागलं ते. 33 वर्षं मी कालवेच काढले.

पण रात्री पडल्या पडल्या वाटलं, कालवा तरी कुठे आराखड्याबरहुकूम होतो? मी अनुरेखक म्हणून लागले तेव्हा साहेबांच्या पेन्सिलच्या नकाशावर ट्रेसिंग क्लॉथ अंथरायचं आणि शाईने रेघ ओढायची. चुकली की अर्ध्या ब्लेडने अलगद खरवडायची, मग ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायची, नाहीतर दुसरी रेघ फुटते. एवढ्या निगुतीने काढलेला नकाशा साइटवर जायचा आणि महिन्या-दोन महिन्यांत निरोप यायचा: मध्ये कातळ लागला, नाहीतर कुणाची विहीर आली, रेघ वळवली. काम संपलं की पुन्हा एक नकाशा. जे ठरलं होतं त्याचा नाही, जे झालं त्याचा. त्याला आम्ही ॲज-बिल्ट म्हणायचो. पुढे कधी गळती लागली, दुरुस्ती निघाली, तर माणसं तोच मागायला यायची.

हे भांडताना सुचलं असतं तर तू जेवून गेला असतास.

तर मी तुझ्या कादंबरीचा एल-सेक्शन काढला, कालव्याचा चढउतार दाखवायला लांबीतला उभा छेद काढतात तसा. हसू नकोस. आलेखाच्या कागदावर आडव्या अंगाला पानं, दहा पानांना एक सेंटिमीटर. उभ्या अंगाला, पान उलटायची मला किती घाई झाली ते. कालव्याचा उतार इतका थोडा असतो की आडवं आणि उभं एकाच मापात काढलं तर नुसती सपाट रेघ दिसते, म्हणून उभं माप मुद्दाम ताणून घेतात. तुझंही ताणून घेतलं. पान 1 ते 88 चढण आहे. 61 वर आत्याबाई लोणच्याची बरणी पदराखाली धरून जिना उतरतात आणि मधल्या पायरीवर बसून एक फोड खातात, तिथे माझी रेघ कागदाबाहेर गेली. मंदार, हे कुणी आधी ठरवून लिहू शकत नाही. मी तुला आराखडा करायला लावला असता तर त्यात "आत्याबाई घर सोडतात" एवढंच आलं असतं. ती फोड आली नसती.

89 ते 140 मात्र सपाट आहे. सगळे चहा पितात. तुलाच पुढचं ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना बसवून ठेवलंस, हे मला कळलं. 18 वरची कपाटाची किल्ली पुन्हा आलीच नाही. शुभांगी 132 पासून शुभदा झाली आहे. आणि 212 वर "दार उघडताच त्याने" एवढं लिहून तू उठलास. त्याने काय? तीन दिवस झाले, पोळ्या लाटतानाही तेच डोक्यात.

तबल्याच्या दुसऱ्या परीक्षेनंतर तू असाच उठला होतास. मग एम.टेक. मग ही नोकरी. मुग्धाचं तर मी नावच काढत नाही. माणसाने हातात घेतलेलं तडीला न्यावं, आवडो न आवडो, रोज दोन पानं तरी...

झालं, सुरू झाले मी. हे खोडणार होते, पण ब्लेड सापडत नाही.

बाबांचा जिना तुला आठवतोच. "चढू तसं सुचत जाईल" म्हणाले, आणि जिना थेट गच्चीवरच्या उघड्या सळयांपाशी नेऊन ठेवला. त्या सळयांवर मी अजून कपडे वाळत घालते, पांढऱ्या कपड्यांना गंज लागतो. नकाशा मी काढून दिला होता, त्यांनी उघडलासुद्धा नाही. तुला रागावते तेव्हा अर्धा राग त्या जिन्याचा असतो. तो तुझ्यावर काढायला नको होता.

परवा सार्वजनिक वाचनालयात गेले होते. तिथे डिकन्सवरचं एक पुस्तक चाळलं. तो दरमहा एक हप्ता छापायचा, म्हणजे शेवट लिहून व्हायच्या आत सुरुवात लोकांच्या हातात. परत जाऊन शुभांगीची शुभदा करायची सोय नाही. म्हणून हप्त्यागणिक एक कागद करायचा, मधोमध दोन भाग. एका बाजूला त्या हप्त्यातली प्रकरणं, दुसऱ्या बाजूला स्वतःलाच प्रश्न: अमक्याला आणायचं का? पुढे उत्तर: हो. नाही. आत्ता नाही. हे "आत्ता नाही" मला फार आवडलं. सगळं ठरवलेलंही नाही आणि सगळं सोडलेलंही नाही. तू 212 नंतर असा एक कागद करून बघ, पुढच्या वीस पानांपुरता. पण त्याची शेवटची कादंबरी 12 हप्त्यांची ठरली होती, 1870 साली तो गेला तेव्हा 3 छापून झाले होते. बघ, फिरून तिथेच आले.

2008 च्या पुरात सराफ बाजारात पाणी शिरलं, तेव्हा तू शाळेत निबंध लिहिला होतास. पत्र्यावर अडकलेल्या म्हाताऱ्याचा. शेवटी लिहिलंस, "पुढे काय झाले ते मला माहीत नाही." बाईंनी 10 पैकी 4 दिले, घरी मीही बोलले. ती वही मी रद्दीत घातली नाही, माळ्यावर आहे. शेजारच्या आत्यांना ती दोनदा वाचून दाखवली आहे, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

एल-सेक्शनची गुंडाळी करून ठेवली आहे. पाठवू का ते कळव. नको म्हणालास तर ठेवीन माळ्यावर, बाबांच्या नकाशाशेजारी.

तुझी,
आई

ता. क. चिवडा वेगळा पाठवते आहे, तो तरी खा. आणि दार उघडल्यावर त्याला मेलेलं माणूस दाखवू नकोस.