पेठनाक्यापासून न्यू पॅलेसपर्यंत भेटलेल्यांचे आभार

गेल्या रविवारी आईला घेऊन पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. न्यू पॅलेस बघायची तिची फार वर्षांची इच्छा. पेठनाक्याच्या पुढे टायर पंक्चर झालं आणि स्टेपनी बदलायची तर चाकाचे नट काही केल्या हलेनात. उसाचा ट्रॅक्टर घेऊन चाललेले एक दादा थांबले, पान्ह्यावर पाय देऊन उभे राहिले, पाचही नट सोडवले. पैसे पुढे केले तर म्हणाले, "म्हातारीला आधी सावलीत बसवा की." नाव विचारायचंही राहून गेलं.

पॅलेसवर पोचलो तेव्हा आईचे गुडघे पार धरले होते. दोन कॉलेजच्या मुली न सांगता तिच्या दोन्ही बाजूंना आल्या आणि तिच्याच चालीनं तिला आत घेऊन गेल्या. मेजर मांट यांच्या आराखड्यावरून १८८४ साली पूर्ण झालेला हा काळ्या दगडाचा वाडा, पण आई खिळली ती दरबार हॉलमध्ये. खिडक्यांच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. ऊन आलं आणि तिच्या पांढऱ्या पदरावर लाल-निळा उजेड पडला. त्या मुली घाई न करता तिच्याजवळ उभ्या राहिल्या. (माझे बाबा असते तर त्यांनी एकेक प्रसंग समजावून सांगितला असता.)

दादा, पोरींनो, हे तुमच्यापर्यंत पोचावं. आई रोज तुमची आठवण काढते.