डब्लिनच्या कागदावर आपलं नाव का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर पूंछवर पाकिस्तानी तोफांचा मारा चालू होता तेव्हा आपण सगळे टीव्हीला चिकटून बसलो होतो, आणि चर्चा काय तर कुठलं मिसाईल किती किलोमीटर जातं. पूंछमध्ये एका शाळेच्या मागे शेल पडला, तो त्याच शाळेतल्या दोन मुलांच्या घरावर, दोघंही गेली. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्रींनीच हे सांगितलं होतं, शाळेला सुट्टी होती म्हणून बाकीची वाचली. बातमी दोन दिवसांत मागे पडली, माझ्या डोक्यातून मात्र जात नाही.

शोधत गेलो तर कळलं की 18 नोव्हेंबर 2022 ला डब्लिनमध्ये याच विषयावर एक राजकीय जाहीरनामा झाला, वस्तीत स्फोटक शस्त्रं वापरल्यामुळे सामान्य माणसाचं जे होतं त्यावर. आयर्लंडनं पुढाकार घेतला आणि 80 पेक्षा जास्त देशांनी पाठिंबा दिला, त्यात अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तानसुद्धा आहेत, म्हणजे तोफा-विमानं नसलेले साधुसंत देश नाहीत हे. भारत नाही. रशिया, चीन, इस्रायल, पाकिस्तान पण नाहीत. ही रांग बघून मला तरी बरं वाटलं नाही.

बरं, जाहीरनामा म्हणजे काही फार कडक नाहीये. तो कायद्यानं बंधनकारक नाही, कुठल्याही शस्त्रावर बंदी नाही, एवढंच की नागरिकांचं नुकसान होईल असं दिसत असेल तर वस्तीत असा मारा मर्यादित ठेवू किंवा टाळू, तेही 'योग्य तिथे'. शब्द इतके सैल आहेत की हत्ती निघून जाईल.

क्लस्टर बॉम्बवरच्या (एका बॉम्बमधून अनेक छोटे बॉम्ब विखुरतात ते) 2008 च्या करारात आपण नाही, भूसुरुंगांवरच्या 1997 च्या ओटावा करारात पण नाही. लांब सीमा आहे, शेजारी असे आहेत, सैन्याचे हात बांधून चालणार नाही हे मला कळतं, आणि हे विषय जिनिव्हातल्या सीसीडब्ल्यूच्या, म्हणजे ठराविक पारंपरिक शस्त्रांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौकटीत सोडवायचे हे आपलं जुनंच म्हणणं आहे. पण त्याची किंमत आपल्याच लोकांनी मोजलीय. 2001-02 च्या पराक्रम मोहिमेत, पाकिस्तान सीमेवर सैन्य जमवलं होतं तेव्हा, सीमेवरच्या शेतात सुरुंग पेरले आणि नंतर आपलेच शेतकरी स्वतःच्या शेतात पाय ठेवायला घाबरत होते. तरी ते करार बंदीचे होते, समजू शकतो. इथे बंदीच नाही तर अडचण नेमकी कुठे आहे?

155 मिमीचा साधा शेल साधारण पंचेचाळीस किलोचा, त्याला गायडन्स नाही, लांबून डागला तर नेम कित्येक मीटरनं चुकतो आणि छर्रे पन्नास मीटरवरही जीव घेतात. मोकळ्या मैदानात ठीक आहे, गल्लीत पन्नास मीटर म्हणजे किती घरं ते मोजा. आपल्या पिनाकाचा एक लाँचर 44 सेकंदांत 12 रॉकेटं सोडतो, अभिमान मलाही आहे, पण ती कुठे सोडायची नाहीत हे आपण लिहून द्यायला काय हरकत आहे?

आणि शेल फुटला की गोष्ट संपत नाही. सीरियातलं अलेप्पो, इराकमधलं मोसुल, युक्रेनमधलं मारिउपोल, सगळीकडे तेच झालं, वीज गेली की पाण्याचे पंप बंद, हॉस्पिटलं बंद, मग माणसं महिन्यानं-दोन महिन्यांनी दूषित पाण्यानं नाहीतर औषधाविना मरतात आणि ती कुणी मोजत नाही. न फुटलेले शेल ढिगाऱ्यात राहतात ते वेगळंच.

लोक म्हणतील पाकिस्ताननं पाठिंबा दिला नाही मग आपण का द्यायचा. माझं उलट आहे. आपण नागरिकांवर मारा करत नाही असं सरकार दरवेळी सांगतं, आणि मला ते खरंच वाटतं. मग जे करतोच आहोत ते कागदावर मान्य करा, म्हणजे पुढच्या वेळी पूंछचा विषय जगापुढे मांडताना आपला हात वरचा राहील.

आपल्या पेपरनं निदान एवढं करावं, या भागातल्या खासदारांना गाठून विचारावं की पुढच्या अधिवेशनात यावर तारांकित प्रश्न टाकणार का, आणि कोण काय बोललं ते नावानिशी छापावं.

आपला नेहमीचा वाचक