कुणी लावली ही जोड?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपला पेपर आमच्याकडे सकाळी साडेसहाला येतो आणि सात वाजेपर्यंत त्याला एखादी खिडकी पडलेली असते. म्हणजे कात्रीने कापून काढलेली बातमी. हे काम माझं. आई पावणेआठला चहा घेऊन पेपर उघडते. सुरुवातीला मी तिला सांगायचे, मागच्या बाजूला बँकेचं कूपन होतं. पुढे एकदा तिने पेपर उभा धरला, त्या चौकोनातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आज कोण गेलं?"

आईला अंडाशयाचा कर्करोग आहे. वय ७५, वजन ४१ किलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तरीण होती. हे पत्र मी तिच्यासाठी लिहिते आहे, तिला न सांगता.

३१ ऑगस्ट २०२५ला प्रिया मराठे गेली. ३८ वर्षांची पोर. आई तिच्या मालिका बघायची, म्हणून तिला तिचं नाव नुसतं नाव नव्हतं. मी दुसऱ्या दिवशीच्या पेपरसाठी कात्री तयार ठेवली होती, पण टीव्हीची पट्टी कशी कापणार? "कर्करोगाशी झुंज अपयशी." आईने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "अपयशी म्हणजे नापासच ना गं? एवढं सोसून पोरीला नापास केलं यांनी." त्या रात्री ती जेवली नाही. केमोने अन्नावरची वासना जाते हे मला माहीत आहे, पण तेव्हा तिचं केमो चालू नव्हतं.

हा मथळा तुमच्या एकट्याच्या पेपरचा नाही, सगळ्यांचाच आहे. अतुल परचुरे १४ ऑक्टोबर २०२४ला गेले तेव्हाही हेच शब्द होते. एवढा हसवणारा माणूस, आजारपणावर मुलाखतींतून मोकळेपणाने बोलला, आणि शेवटी त्याच्या नावापुढे आपण 'अपयशी' लिहून मोकळे झालो.

मी सांगली जिल्ह्यातली. हिंदकेसरी मारुती मानेंचा जिल्हा. झुंज म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवायला नको. माझे वडील, अण्णा, जत्रेतलं एक मैदान चुकवत नसत. कुस्ती लावताना आधी जोड बघतात. वजन, वय, तयारी. बारकं पोर दांडग्या गड्यापुढे उभं केलं तर बघणारे लोकच शिव्या घालतात. आणि पैलवान आपल्या पायांनी लाल मातीत उतरलेला असतो. माझी आई कुठे उतरली होती? ती पातळ नेसून, पिशवीत फाइल घेऊन, टोकनचा नंबर कधी येतो हे बघत बाकावर बसली होती. ४१ किलोच्या बाईची ही जोड लावली कुणी? आणि निकाल मात्र तिच्या नावावर.

अण्णांचंच सांगते. त्यांना तंबाखू. साखर कारखान्यात टाइमकीपर होते, रात्रपाळीला दाढेखाली बार असल्याशिवाय डोळा उघडा राहत नाही म्हणायचे. १६ फेब्रुवारी २०१५ला आमचे आबा, आर. आर. पाटील, तोंडाच्या कर्करोगाने गेले. ५७ वय. अण्णा अंजनीला अंत्यसंस्काराला जाऊन आले. आले ते पाणीसुद्धा न पिता मोरीतल्या आरशापुढे टॉर्च घेऊन उभे राहिले. डाव्या गालात, जिथे बार धरायचे तिथे, पांढरा चट्टा होता आणि त्याच्या कडेला न भरणारं फोड. दोन महिने होतं. आम्हाला कुणाला बोलले नव्हते. आबांच्या बातमीत तोंड, तंबाखू, कर्करोग असे तिन्ही शब्द उघड छापलेले होते, म्हणून त्यांना आरसा आठवला. नुसतं 'दीर्घ आजाराने निधन' छापलं असतं तर अण्णा परत आले असते आणि चुना मळत बसले असते.

ऑपरेशनमध्ये डावा खालचा जबडा गेला. छातीचं मांस घेऊन गाल शिवला. मग तीस लाईट. (रेडिएशनला आमच्याकडे लाईट म्हणतात आणि केमोला सलाईन, मोठ्या शहरातल्या डॉक्टरांना हे आधी कळत नाही.) सहा आठवडे नाकातल्या नळीतून पेज, दूध, डाळीचं पाणी. तोंडाने खायला लागल्यावर पहिल्यांदा मागितलं ते पातळ पिठलं. वाचले. पण चेहरा एका बाजूने बसला. लग्नात गेले की जुने लोक शेजारी बसून विचारायचे, "टाइमकीपरसाहेब आले नाहीत का?" दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांनी लग्नांना जाणं सोडलं.

एप्रिल २०१७मध्ये विनोद खन्ना यांचा तो फोटो आला. दवाखान्यातल्या कपड्यांत, वाळून गेलेले, दोन्ही बाजूंनी घरची माणसं. मोबाइलवर घरोघर फिरला आणि पाठोपाठ छापूनही आला. मथळ्याचा सूर एकच, ओळखूही येईनात! अण्णा त्यांच्याहून वर्षानेच मोठे. तरुणपणी त्यांच्यासारखा भांग पाडायचे, असं आई सांगते. अण्णांनी फोटो खूप वेळ बघितला. शिवलेल्या गालाने शब्द नीट फुटायचे नाहीत, तरी एवढं स्पष्ट बोलले, "मला बरोबर ओळखू आला की." त्याच महिन्याच्या २७ तारखेला विनोद खन्ना गेले.

याच्या उलट दुसरा फोटो आईच्या फाइलमध्ये आहे. सोनाली बेंद्रेचा, २०१८ सालचा, केस काढलेला. मीच तो नंतर शोधून छापून आणला. तो तिने स्वतःहून लोकांपुढे ठेवलेला होता. आईचे केस पहिल्या सलाईननंतर सतराव्या दिवशी उशीवर आले तेव्हा तिने तो फोटो मागून घेतला आणि नीट बघून म्हणाली, "हिचं डोकं तरी गोल आहे." मग पदर घेतला. टोप आणलेला आहे, कपाटात आहे. दोन्ही फोटो आजारी माणसांचेच. पण एका फोटोसाठी त्या माणसाला विचारलं होतं का, हे छापताना कुणीच बघत नाही काय?

आणि अण्णा? २०२०मध्ये दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. हृदयविकार. पाच वर्षांत कर्करोग परतून आला नव्हता. आता तुमच्या हिशेबाने त्यांची झुंज यशस्वी की अपयशी? मैदानात अशा कुस्तीला बरोबरीत सुटली म्हणतात.

आईच्या बाबतीत कुठलीच बातमी उपयोगी पडली नाही, आणि हे मला जास्त लागतं. आईचं माहेर परळचं. माहेरपणाला गेली की दूरदर्शनवर स्मिता तळवलकर बातम्या द्यायच्या, आई त्यांच्या साडीच्या काठाचं वर्णन गावी येऊन करायची. ६ ऑगस्ट २०१४ला स्मिताताई गेल्या, ५९व्या वर्षी, अंडाशयाच्याच कर्करोगाने. आम्ही हळहळलो. या आजारात बाईला नेमकं काय होतं, हे तेव्हा आम्ही कुठेच वाचलं नाही. आठ वर्षांनी आईचं पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, लघवीला सारखं जावं लागायचं, हात वाळत चालले आणि निऱ्या मात्र बसेनात. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाच महिने गॅसच्या गोळ्या दिल्या. आम्हीही ओवा दिला. शेजारणींनी 'वयानं होतं' म्हणून सांगितलं. ही 'वयानं होतं'ची गोळी म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात आधी दिली जाते. सोनोग्राफी केली तर पोटात पाणी, आणि रक्तातली सीए-१२५ ही या आजाराची खूण अकराशेच्या वर. तो ३५च्या खाली असावा लागतो. आई म्हणाली, "जन्मभर पोरांना ३५च्या वर आणायला घसा कोरडा केला, आता मला ३५च्या खाली यायचंय."

महालक्ष्मी एक्स्प्रेसने टाटाला दाखवायला नेलं. मांडीवर मिठाईचा छोटा डबा, त्यात बायोप्सीचे ब्लॉक (तपासणीला काढलेले, मेणात बसवलेले तुकडे) आणि काचपट्ट्या कापसात गुंडाळून. सहप्रवाशाने विचारलं, "पेढे काय?" १९४१पासूनचं ते रुग्णालय आईच्या शाळेच्या वाटेवर होतं. लहानपणी तिथून जाताना मुली तोंडावर रुमाल धरायच्या, ही गोष्ट तिने मला त्या दिवशी रांगेत बसून सांगितली. उपचार इथेच, जिल्ह्यात केले. तीन सलाईन, ऑपरेशन, परत तीन, दर एकवीस दिवसांनी. तळपायाला मुंग्या आल्या त्या अजून गेल्या नाहीत. २०२४मध्ये आजार परत आला, परत सलाईन झाली, आता गोळ्यांवर आहे.

ऑपरेशननंतर वॉर्डात होती तेव्हाची गोष्ट, नोव्हेंबर २०२२. समोरच्या टीव्हीवर विक्रम गोखले यांना श्रद्धांजली सुरू झाली. बायका हळहळल्या. थोड्या वेळाने कळलं, अजून आहेत. खरोखर गेले ते २६ तारखेला. वॉर्डात अर्ध्या बायका नळ्या लावून पडलेल्या, त्यांच्यापुढे हा तमाशा. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२५मध्ये, धर्मेंद्र यांच्या बाबतीत तेच. हेमामालिनी आणि मुलीला उघडपणे सांगावं लागलं की माणूस जिवंत आहे. ते गेले २४ तारखेला, ८९व्या वर्षी. आईने विचारलं, "यांना घाई कसली असते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे असेल तर छापा.

आईची जनुक तपासणी करायला सांगितली तेव्हा मला एकदम २०१३ची अँजेलिना जोलीची बातमी आठवली. तिची आई ५६व्या वर्षी कर्करोगाने गेली. या आजाराचा धोका वाढवणारा सदोष जनुक आपल्यात आहे असं कळल्यावर तिने ३७व्या वर्षी आधीच स्तन काढून टाकले आणि तसं स्वतः लिहून जाहीर केलं. दोन वर्षांनी अंडाशयही काढले. त्या वेळी आमच्या ऑफिसात त्या बातमीवर जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत, आणि बातमीला लावलेला फोटोही त्या विनोदांना साजेसाच होता. आईत तो जनुक निघाला. मी आज ५६ची आहे. माझी तपासणी केली, माझ्यात नाही. अहवाल हातात घेऊन मी पार्किंगमध्ये रडले, आणि आनंद झाला याची लाज वाटली. थोरला भाऊ तपासणी करत नाही. "मला काय करायचंय, तो बायकांचा आजार." तो जनुक बापाकडूनही मुलीकडे जातो आणि त्याला दोन मुली आहेत, हे मी त्याला चारदा सांगितलं. बहिणीचं कोण ऐकतं? पेपरात आलं तर कदाचित वाचेल.

म्हणून मागणं एवढंच की 'झुंज', 'अपयशी', 'हरली' हे शब्द काढा. निधन म्हणा, वय लिहा, आजाराचं खरं नाव लिहा. आणि चार ओळींचा चौकोन खाली टाका, की या आजारात आधी काय जाणवतं. अंडाशयाचा असेल तर हेही छापा की त्यासाठी सगळ्या बायकांना करता येईल अशी खात्रीची आगाऊ चाचणी नाही, गर्भाशयमुखाच्या पॅप तपासणीत तो सापडत नाही, म्हणून पोट फुगण्याकडे दुर्लक्ष करू नका. जागा नसेल तर 'साठीतही तिशीचा जोश' आणि 'बघा, आता कशी दिसते' यांतली एखादी बातमी कमी करा. म्हातारपण ही काही पकडून आणायची चोरी नव्हे. अशोक सराफ आईहून तीन वर्षांनी मोठे. ते टीव्हीवर दिसले की ती म्हणते, "बघ, किती छान म्हातारे झालेत." तिशीतले दिसतात असं ती एकदाही म्हणालेली नाही.

पत्र छापलंत तर एक विनंती. माझं नाव घालू नका. सांगली, एवढं पुरे. आणि सोमवारी छापू नका. सोमवारी रक्त तपासायला आम्ही लवकर निघतो आणि त्या दिवशीचा पेपर शेजारी घेऊन जातात.

आपली,
सांगलीची एक वाचक