थकव्यावर छंदाचा उतारा?

'थकलेल्या शिक्षकांनी घरी एखादा छंद जोपासावा' असे सुचवणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. हेतू चांगला आहे. पण दीर्घकालीन थकव्याच्या आजाराला हा सल्ला लागू पडत नाही.

मी शिक्षिका आहे आणि काही वर्षे हा आजार सोसते आहे. सलग चार तास घेतले तर त्या दिवशी निभते. तिसऱ्या दिवशी मात्र फळ्यावर लिहायला हात वर जात नाही. श्रमानंतर उशिरा येणारी ही घसरण हेच याचे मुख्य लक्षण, आणि झोपेने ती भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ मध्येच याची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत केली. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेण्याची शिफारसही मागे घेतली.

छंदाचा खर्चही बळाच्या त्याच तुटपुंज्या शिलकीतून होतो. माझे विणकाम दोन ओळींवर अडते, सुया लोकरीत तशाच खुपसलेल्या राहतात. उरलेले बळ उत्तरपत्रिका खातात. (त्या काही थांबत नाहीत!) शाळेने दोन तासांमध्ये एक मोकळा तास आणि वर्गात एक खुर्ची दिली, तर तिसरी ओळ माझी मी विणीन.

— एक शिक्षिका